प्लेगच्या सालांतील एक प्राध्यापक

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या साथीमुळें जगांतील विद्यापीठांचीं दारें एकामागून एक बंद होऊं लागलीं, तेव्हां एक जुनी गोष्ट पुनः घरोघर ऐकूं येऊं लागली. सतराव्या शतकांत इंग्लंडांत प्लेग झाला. केंब्रिजचें विद्यापीठ बंद पडलें. आयझॅक न्यूटन नांवाचा एक तरुण आपल्या गांवीं परत गेला. तेथें बागेंत बसला असतां त्यानें झाडावरून सफरचंद पडतांना पाहिलें, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम त्याच्या हातीं लागला. या गोष्टीचें तात्पर्य काढण्यास फारसे श्रम पडत नाहींत. आईबापांनीं तें मुलांना सांगितलें, अध्यापकांनीं विद्यार्थ्यांना सांगितलें: वर्ग बंद झाले म्हणून विद्या बंद पडत नाहीं, खरा बुद्धिमान मनुष्य सक्तीच्या सुटीचेंहि सोनें करतो.

गोष्ट अगदींच खोटी नाहीं, पण ती अर्धी आहे. तिच्यांत विद्यार्थी आहे, प्राध्यापक नाहीं. त्या सालीं केंब्रिजमध्यें गणिताचा एक प्राध्यापक होता. गणिताची ही मानाची जागा विद्यापीठांत नुकतीच निर्माण झाली होती, तिचा तो पहिलाच अधिकारी होता, आणि पहिलें व्याख्यान देऊन त्याला पुरतें दीड वर्षहि झालें नव्हतें, तोंच प्लेगनें त्याचा वर्ग मोडला. त्याचें नांव आयझॅक बॅरो. शिष्याच्या कीर्तीपुढें या गुरूचें नांव आज फिकें पडलें आहे. तथापि न्यूटनच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग बॅरोच्या चरित्रांत आहे, आणि तो वाचल्यावांचून तिचें तात्पर्य काढणें धोक्याचें आहे.

बॅरोचा जन्म १६३० सालीं लंडनमधील एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरीं झाला. लहानपणीं तो अभ्यासापेक्षां मारामारींत अधिक रमे. देवाला माझें एखादें मूल न्यावयाचेंच असेल तर त्यानें आयझॅकला न्यावें, असें त्याचा बाप वैतागून म्हणे, अशी आख्यायिका आहे. हाच मुलगा पुढें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत गेला आणि १६४९ सालीं तेथें फेलो झाला. ग्रीक, लॅटिन, धर्मशास्त्र आणि गणित या सर्वांत त्याची गति सारखीच होती. युक्लिडच्या भूमितीची त्यानें तयार केलेली सुटसुटीत लॅटिन आवृत्ति १६५५ सालीं निघाली व पुढें बहुत वर्षें विद्यार्थ्यांच्या हातांत राहिली. परंतु ते दिवस क्रॉमवेलचे होते आणि बॅरो राजपक्षाचा. ग्रीकच्या प्राध्यापकाची जागा त्याला मिळावयाची ती मिळाली नाहीं, तेव्हां आपलीं पुस्तकें विकून तो परदेशीं निघाला.

या प्रवासांत त्याची व प्लेगची पहिली गांठ पडली. १६५६ सालीं तो फ्लॉरेन्सला होता. त्या वर्षीं नेपल्स आणि रोम येथें प्लेगनें कहर मांडला होता, त्यामुळें रोमला जाण्याचा बेत त्याला सोडावा लागला. तो जहाजांत बसून पूर्वेकडे वळला. वाटेंत चांच्यांनीं जहाजावर हल्ला केला, तेव्हां इतर प्रवाशांबरोबर खालीं न लपतां हा विद्वान् तोफेपाशीं उभा राहिला. स्मर्ना आणि कॉन्स्टँटिनोपल येथें राहून तो १६५९ सालीं मायदेशीं परतला. पुढच्याच वर्षीं राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला, आणि बॅरोला ती ग्रीकची जागा अखेर मिळाली.

जागा मिळाली, पण विद्यार्थी मिळाले नाहींत. वर्षभरानंतर केलेल्या एका विनोदी भाषणांत बॅरोनें आपल्या ग्रीक वर्गाचें चित्र स्वतःच रंगविलें आहे. व्याख्यानपीठावर आपण एकटेच बसून असतों आणि समोर बांकें व भिंती यांवांचून श्रोता नसतो, असा त्याचा आशय. त्यांत विनोद आहे, तशी वेदनाहि आहे. ज्यानें कधीं रिकाम्या वर्गांत पाऊल टाकलें असेल त्याला ती कळेल. अध्यापकाची विद्या ही दिव्याच्या तेलासारखी असते. वात पेटली तरच तिचा उजेड.

पुढें एक सुयोग आला. हेन्री लुकास नांवाचा एक गृहस्थ केंब्रिज विद्यापीठातर्फें पार्लमेंटांत सभासद होता. तो १६६३ सालीं वारला. मरतांना आपले सुमारें चार हजार ग्रंथ त्यानें विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिले, आणि वर्षाला शंभर पौंड उत्पन्न येईल एवढ्या जमिनीची तरतूद गणिताच्या प्राध्यापकासाठीं केली. लुकासच्या नांवानें प्रसिद्ध असलेली जागा ती हीच. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. प्राध्यापकानें सत्राच्या काळांत आठवड्यांतून एकदां सुमारें तासभर व्याख्यान द्यावें. विषय भूमिति, अंकगणित, ज्योतिष, भूगोल, प्रकाशशास्त्र, स्थितिशास्त्र किंवा गणिताचें दुसरें कोणतेंहि अंग असावें. याशिवाय आठवड्यांतून दोन दिवस ठराविक वेळीं त्यानें आपल्या खोलींत बसून येईल त्या विद्यार्थ्याच्या शंका निवाराव्या. आणि दरसाल निदान दहा व्याख्यानांची स्वच्छ प्रत करून ती विद्यापीठाच्या स्वाधीन करावी. पगार घेऊन स्वस्थ बसणाऱ्या प्राध्यापकांची जात त्या काळींहि होती, हें यावरून उघड दिसतें. लुकासच्या कारभाऱ्यांनीं त्या रोगावर हें औषध काढलें होतें. या शेवटल्या नियमाचें महत्त्व पुढें कळेल.

१४ मार्च १६६४ या दिवशीं बॅरोनें या जागेवरून पहिलें भाषण केलें. ग्रीकचा वर्ग सोडून आपण गणिताकडे कां वळलों, याचें समर्थन त्यानें त्यांत केलें. मग व्याख्यानमाला सुरू झाली. गणित हें शास्त्र कशाविषयीं आहे, त्याच्या सिद्धतेंत एवढी निश्चिति कोठून येते, संख्या आणि परिमाण यांचा संबंध काय, अशा मूळच्या प्रश्नांपासून त्यानें आरंभ केला. १६६५ च्या वसंतांत दुसरें सत्र झालें. आपला विषय आतां विद्यापीठांत रुजणार, अशी आशा धरण्यास जागा होती.

त्याच वसंतांत लंडनच्या एका बाजूच्या वस्तींत माणसें मरूं लागलीं. काखेंत किंवा जांघेंत गांठ, प्रखर ताप आणि कांहीं दिवसांत मृत्यु. उन्हाळा वाढला तसा रोग वाढला. लंडनमध्यें प्रत्येक आठवड्याचे मृत्यूचे तक्ते छापून विकले जात. सप्टेंबरांतील एका आठवड्याच्या तक्त्यांत प्लेगचे सात हजारांहून अधिक बळी नोंदलेले आहेत. सुमारें साडेचार लाख वस्तीच्या त्या शहरांत वर्षअखेर सरकारी हिशेबानें ६८,५९६ माणसें प्लेगनें मेलीं; खरा आंकडा लाखाच्या घरांत असावा असें इतिहासकार मानतात. रोगाचें कारण कोणालाच ठाऊक नव्हतें. कोणी दूषित हवेस दोष देई, कोणी ग्रहयोगास, तर कोणी पापास. कुत्रीं व मांजरें रोग पसरवितात अशा समजुतीनें लंडनमध्यें तीं मारण्याचा हुकूम निघाला; उंदीर मात्र निर्धास्त राहिले. प्लेगचा जंतु ओळखला गेला तो १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें. तो उंदरांवरील पिसवांच्या मार्फत पसरतो, हें पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं प्रयोगानें दाखविलें तें कराची येथें, जें शहर त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होतें. म्हणजे बॅरोच्या वर्गावर झालेल्या आघाताचा उलगडा होण्यास सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो पुष्कळसा आपल्या बाजूलाच झाला.

केंब्रिज लंडनपासून पन्नास-पंचावन्न मैलांवर आहे. जुलै १६६५ च्या अखेरीस तेथें पहिला बळी पडला. तें एक पांच वर्षांचें मूल होतें. मग विद्यापीठानें विलंब केला नाहीं. ट्रिनिटी कॉलेजनें ७ ऑगस्टला ठराव केला कीं, या रोगामुळें जे फेलो व विद्यार्थी खेडोपाडीं जातील त्यांचा जेवणाचा भत्ता एक महिना चालू ठेवावा. कांहीं विद्यार्थी तर ठरावाचीहि वाट न पाहतां निघून गेले होते. त्यांत न्यूटन एक. गांवाबाहेरच्या माळावर रोग्यांसाठीं झोंपड्या उभ्या राहिल्या. मुंबई-पुण्याकडील ज्या घरांतून १८९६ नंतरच्या प्लेगच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्यांना हें चित्र अपरिचित वाटणार नाहीं. केंब्रिजजवळ दर सप्टेंबरांत स्टरब्रिजची प्रचंड जत्रा भरे. ती त्या वर्षीं भरली नाहीं व पुढल्या वर्षींहि भरली नाहीं. १० ऑक्टोबरला विद्यापीठानें आपल्या मुख्य चर्चमधील प्रवचनें आणि सभागृहांतील वादविवादाच्या परीक्षा तहकूब केल्या.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळचें शिक्षण आजच्यापेक्षां किती तरी अधिक तोंडी होतें. पदवीसाठीं लेखी परीक्षा नसे. विद्यार्थ्यानें चारचौघांत उभें राहून लॅटिनमध्यें एखादें मत मांडावें, दुसऱ्यानें तें खोडावें, आणि अध्यापकानें निवाडा द्यावा, ही रीत. पुस्तकें महाग व थोडीं. व्याख्यान ऐकणें आणि शंका विचारणें हाच नव्या विद्येचा रस्ता. लुकासच्या नियमांतील ती आठवड्याची दोन दिवसांची बैठक म्हणूनच मोलाची होती. माणसांनीं एकत्र जमूं नये असें ठरलें, कीं अशा विद्यापीठाजवळ इमारतींखेरीज कांहीं उरत नाहीं. टपाल होतें, पण तेंहि संथ, आणि रोगाच्या भीतीनें प्लेगच्या गांवाहून आलेला कागद हातांत घेण्यास लोक कचरत.

संशोधनाचीहि तीच गत झाली. लंडनची रॉयल सोसायटी ही त्या वेळीं इंग्लंडांतील शास्त्रज्ञांची एकमेव मोठी सभा. बॅरो तिचा सभासद होता. दर आठवड्यास एकत्र जमून प्रयोग पाहणें व त्यांवर चर्चा करणें हें तिचें काम. १६६५ च्या जूनअखेर तिच्या सभा थांबल्या, त्या पुढच्या वर्षाच्या वसंतापर्यंत नीटपणें भरल्या नाहींत. रॉबर्ट हुक, जॉन विल्किन्स व विल्यम पेटी हे एप्सम गांवाजवळच्या एका वाड्यांत जाऊन राहिले आणि तेथें त्यांनीं जमतील तसे प्रयोग चालविले. चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग मात्र लंडनमध्येंच राहिला. त्यानें त्याच वर्षीं मार्चांत शास्त्रीय वृत्तान्तांचें एक मासिक सुरू केलें होतें. लंडनचे छापखाने बंद पडले, तेव्हां त्या मासिकाचे कांहीं अंक ऑक्सफर्डला छापून घ्यावे लागले. आज जगांतील विद्वानांचें सारें काम ज्या शास्त्रीय नियतकालिकांवर चालतें, त्यांतील एका सर्वांत जुन्या नियतकालिकानें आपलें पहिलें वर्ष असें धापा टाकीत काढलें.

१६६६ च्या मार्चांत रोग ओसरला असें वाटून विद्यापीठ उघडलें. विद्यार्थी परत आले, न्यूटनहि परत आला, आणि बॅरोनें आपलें तिसरें सत्र सुरू केलें. पण जूनमध्यें प्लेगनें पुनः डोकें वर काढलें आणि सर्व मंडळी दुसऱ्यांदा पांगली. विद्यापीठाचें काम नेहमींप्रमाणें सुरू झालें तें १६६७ च्या वसंतांत. म्हणजे जवळजवळ दोन वर्षें गेलीं, आणि मध्यें एकदां आशा दाखवून गेलीं. संकट एकदां येऊन गेलें तर मनुष्य कंबर बांधून उभा राहतो. गेलें असें वाटून तें फिरून आलें, म्हणजे त्याचें बळ खचतें. २०२० आणि २०२१ हीं सालें ज्यांनीं पाहिलीं त्यांना हें निराळें सांगावयास नको.

बॅरोच्या १६६४, १६६५ व १६६६ या तीन सालांतील व्याख्यानांचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८३ सालीं छापला गेला. त्यांत तेवीस व्याख्यानें आहेत. दरसाल दहा या हिशेबानें तीं तीस व्हावयास हवीं होतीं. ही तूट सारी प्लेगच्या खातीं लिहितां येणार नाहीं, पण ज्याला नव्या जागेवर बसून नवी परंपरा घालावयाची होती, त्याचीं पहिलीं तीन वर्षें कशीं गेलीं याची ती एक खूण खास आहे.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळावें. न्यूटन वुल्सथॉर्पला गेला तो रिकाम्या मनानें गेला नव्हता. १६६१ सालीं तो ट्रिनिटीमध्यें दाखल झाला, तो श्रीमंतांचीं कामें करून आपला खर्च भागविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गांत. १६६४ सालीं, म्हणजे बॅरोचीं व्याख्यानें सुरू झालीं त्याच वर्षीं, गणितानें त्याला झपाटलें. त्यानें देकार्तची भूमिति वाचली, वॉलिसचा अनंत श्रेढींवरील ग्रंथ वाचला, आणि १६६४-६५ च्या हिंवाळ्यांत, प्लेगचें नांवहि केंब्रिजमध्यें नव्हतें तेव्हां, द्विपदी सिद्धान्ताचा विस्तार शोधून काढला. निसर्गाविषयीं पडलेल्या प्रश्नांची एक वही त्यानें कॉलेजांतच सुरू केली होती. बॅरोच्या वर्गांत आपण कदाचित् बसलों असूं, असें त्यानेंच म्हातारपणीं म्हटलें आहे. शिष्यवृत्तीच्या वेळीं बॅरोनेंच त्याची युक्लिडमध्यें परीक्षा घेतली व तींत तो फारसा चमकला नाहीं, अशीहि कथा त्याच्या आप्तानें लिहून ठेविली आहे. कसेंहि असो, रान नांगरून, बीं पेरून झाल्यावर पाऊस आला. पावसानेंच पीक आणलें असें म्हणणें शेतकऱ्यावर अन्याय करण्यासारखें आहे.

गांवीं जाऊन न्यूटननें जें काम केलें तें मात्र अद्‌भुत आहे, यांत शंका नाहीं. १६६५ च्या उन्हाळ्यांत तो जवळच्या बूथबी गांवीं राहत असतां त्यानें एका वक्ररेषेखालील क्षेत्रफळ बावन्न अंकांपर्यंत मोजलें. प्लेगमुळें केंब्रिज सोडावें लागलें तेव्हां हें गणित केलें, अशी नोंद त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेविली. बूथबीचा धर्मोपदेशक हंफ्री बॅबिंग्टन हा ट्रिनिटीचाच फेलो होता, हें येथें लक्षांत ठेवावें. कॉलेज बंद झालें तरी कॉलेजच्या माणसाचें छत्र या तरुणावर होतें. नोव्हेंबर १६६५ मध्यें त्यानें ज्या गणितास आज कलनशास्त्र म्हणतात त्याच्या एका अंगाची रीत बसविली. १६६६ च्या वसंतांत तो केंब्रिजमध्यें होता, आणि त्याच मे महिन्यांत त्यानें या विषयावर पुढचे महत्त्वाचे कागद लिहिले. ऑक्टोबरांत हें सारें एका प्रबंधांत एकत्र केलें. प्रकाशाचे रंग कांचेच्या लोलकांतून पाहण्याचे प्रयोगहि १६६६ च्या आरंभीं सुरू झाले. हा लोलक त्यानें स्टरब्रिजच्या जत्रेंत घेतला अशी गोष्ट सांगतात. पण ज्या सालची ती सांगतात त्या सालीं ती जत्राच भरली नव्हती. मोठ्या माणसांच्या गोष्टी अशाच वाढत जातात.

सफरचंदाची हकीकत न्यूटननें १७२६ मध्यें, म्हणजे साठ वर्षांनंतर, आपल्या एका मित्रास सांगितली. चंद्राला पृथ्वीभोंवतीं धरून ठेवणारी ओढ आणि फळाला खालीं आणणारी ओढ एकच असावी, हा विचार त्याला त्या काळीं सुचला असेल; त्याचें गणितहि त्यानें करून पाहिलें व तें जवळजवळ जुळलें. पण पृथ्वीच्या आकाराचा त्याच्याजवळचा आंकडा चुकीचा होता आणि पुष्कळ विचार अजून व्हावयाचा होता. एडमंड हॅलेनें १६८४ सालीं केंब्रिजला जाऊन त्याला टोचणी लावली, आणि १६८७ सालीं त्याचा महान् ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां कोठें तो विचार नियम झाला. बागेपासून ग्रंथापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि तो काळ त्यानें विद्यापीठांत काढला.

१६६७ सालीं न्यूटन परतला तेव्हां त्याच्या पेटींत जगाचें रूप पालटणारे कागद होते. पण जगाला त्यांचा पत्ता नव्हता. ते कोणी ओळखावयाचे? येथें प्राध्यापकाचें काम पुनः सुरू होतें. त्याच वर्षीं न्यूटन ट्रिनिटीचा फेलो झाला. बॅरो आतां प्रकाशशास्त्रावर व्याख्यानें देत होता. तीं छापावयाची ठरलीं, तेव्हां त्यानें तीं तपासण्यास न्यूटनकडे दिलीं, आणि या तरुणानें कोठें चुका सुधारल्या, कोठें स्वतःची भर घातली, हें प्रस्तावनेंत मोकळ्या मनानें लिहिलें. १६६९ च्या जुलैमध्यें न्यूटनचा अनंत श्रेढींवरील एक लेख त्यानें लंडनच्या जॉन कॉलिन्सकडे पाठविला. प्रथम त्यानें लेखकाचें नांव सांगितलें नव्हतें. नंतर ऑगस्टमध्यें तें कळविलें, आणि हा तरुण वयानें अगदीं लहान असून त्याची प्रतिभा असामान्य आहे, अशी ग्वाही दिली. बुजऱ्या, संशयी आणि आपले कागद कोणाला दाखवावयास नाखुष असलेल्या न्यूटनचें नांव केंब्रिजबाहेरच्या गणितज्ञांत गेलें तें या पत्रांमुळें.

त्याच वर्षीं बॅरोनें आपली जागा सोडली. शिष्य आपल्यापेक्षां मोठा आहे हें ओळखून त्यानें ती त्याला दान केली, असें सांगण्याचा प्रघात आहे. तो ऐकावयास गोड आहे. वस्तुतः बॅरोचें मन धर्मशास्त्राकडे ओढत होतें, आणि गणितांत आयुष्य घालविणें त्याला आपल्या व्रताशीं विसंगत वाटूं लागलें होतें. पण जागा सोडतांना ती कोणाकडे जावी हें त्यानें ओळखलें, आणि २९ ऑक्टोबर १६६९ या दिवशीं सव्वीस वर्षांचा न्यूटन लुकासच्या जागेवर आला. तेव्हां ज्यानें ती जागा रिकामी केली त्याचें वयहि अवघें एकोणचाळीस होतें.

१६७० च्या जानेवारींत न्यूटननें प्रकाशावर व्याख्यानें सुरू केलीं. प्लेगच्या सालांतील लोलकाचे प्रयोग प्रथम येथें वर्गांत आले. आणि श्रोते? पुढें त्याच्या हाताखालीं राहिलेल्या एका मदतनिसानें लिहून ठेविलें आहे कीं, व्याख्यानास फार थोडे येत, त्यांतूनहि समजे अगदीं थोड्यांना, आणि कित्येकदां तो भिंतींपुढेंच वाचून परत येई. बॅरोच्या ग्रीक वर्गांतील त्या भिंती शिष्याच्या वांट्यालाहि आल्या! पण लुकासच्या नियमाप्रमाणें न्यूटननें आपल्या व्याख्यानांच्या प्रती विद्यापीठाच्या स्वाधीन केल्या. ज्या व्याख्यानांना त्या दिवशीं श्रोता मिळाला नाहीं, तीं त्या नियमामुळें पुढील अनेक पिढ्यांना वाचावयास मिळालीं. प्रतिभा घरीं बसून शोध लावील. पण लागलेला शोध टिकवून धरण्यास संस्था लागते, आणि संस्थेच्या रूक्ष दिसणाऱ्या नियमांतहि कधीं कधीं दूरदृष्टि असते.

१६७३ सालीं बॅरो ट्रिनिटी कॉलेजचा मुख्य झाला. तेथें त्यानें भव्य ग्रंथालय बांधण्याचें मनावर घेतलें. ख्रिस्तोफर रेन या शिल्पज्ञानें त्याचा आराखडा केला आणि १६७६ सालीं काम सुरू झालें. दुसऱ्याच वर्षीं, ४ मे १६७७ रोजीं, बॅरो लंडनमध्यें तापानें वारला. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. इमारत १६९५ सालीं पुरी झाली. ती आजहि वापरांत आहे.

आतां २०२० कडे पुनः वळल्यास ही गोष्ट निराळी दिसते. त्या वर्षींच्या मे महिन्यांत केंब्रिज विद्यापीठानें ठरविलें कीं, पुढील सबंध वर्ष मोठीं व्याख्यानें समोरासमोर न होतां संगणकाच्या पडद्यावरून व्हावीं. जगांतील हजारों प्राध्यापकांनीं त्या काळांत आपापल्या घरांतून, एका कांचेच्या डोळ्याकडे पाहून, भाषणें केलीं. समोर चेहरे नव्हते. कोणाला समजलें, कोणाचें लक्ष उडालें, हें कळण्यास मार्ग नव्हता. ज्यांचें संशोधन प्रयोगशाळेंत किंवा परक्या गांवच्या दप्तरखान्यांत होतें, त्यांचें काम कुलुपाआड राहिलें. अशा वेळीं न्यूटनचा दाखला देऊन त्यांना लाजविणें हें अज्ञान होय. न्यूटनला वर्ग घ्यावयाचा नव्हता, घर चालवावयाचें नव्हतें, आजाऱ्याची शुश्रूषा करावयाची नव्हती. त्याच्या आईची शेतीवाडी होती, शेजारीं कॉलेजचा एक स्नेही होता, आणि पाठीशीं केंब्रिजच्या चार वर्षांची शिदोरी होती. त्याची तुलना करावयाची तर ती प्राध्यापकाशीं नव्हे.

आणि विद्यार्थ्यांचा हिशेब मांडावयाचा तर तोहि पुरता मांडला पाहिजे. १६६५ च्या उन्हाळ्यांत केंब्रिजहून शेंकडों विद्यार्थी घरीं गेले. त्यांतील एकाचें नांव जगाला ठाऊक आहे. बाकीच्यांपैकीं ज्यांना घरीं पुस्तक नव्हतें, ज्यांच्या शंकेला उत्तर देणारें कोणी नव्हतें, ज्यांची विद्या नुकती कोंब धरीत होती, त्यांच्या त्या दोन वर्षांची गोष्ट कोणी लिहिलेली नाहीं. इतिहास पिकलेलें फळ मोजतो; करपलेला मोहोर मोजीत नाहीं. तो मोजण्याचें काम शिक्षकाचें असतें. साथ सरून वर्गाचीं दारें उघडतात, तेव्हां कोणतें बांक रिकामें राहिलें हें प्रथम पाहतो तोच खरा अध्यापक. बॅरोनें १६६७ सालीं दार उघडलें, आणि परत आलेल्यांत कोण काय घेऊन आला आहे हें पाहिलें. त्याचें सर्वांत मोठें संशोधन तेंच म्हणावें लागेल.